बाजेखालची शेगडी

ये गं सीमा, अशी पुढं ये. लांब उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि परवा फोनवर काय म्हणालीस ते परत एकदा बोल बघू. "आजी, हल्ली आंघोळीला गेलं की डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळून जातात. बाहेर येऊन गॅलरीत उभी राहिले की बरं वाटतं." आणि त्यावर बाईसाहेबांनी उपाय काय केला? लिंबाचं सरबत! शहाणीच आहेस. टीचभर बाथरूम, दार घट्ट लावलेलं, थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला, भिंतीवर गॅसचा गिझर भणभणतोय आणि तू सरबत पितेस!

तर वाचकहो, ही सीमा म्हणजे माझ्या भावाची नात. पुण्यात नवीन घर घेतलंय. दिवाळी अंकवाल्या ताईंनी "तुमच्या कामाचं लिहून द्या" म्हणून गळ घातली, तेव्हा मी म्हणत होते, माझ्या कामात लिहिण्यासारखं काय आहे? पण सीमाचा फोन आला आणि दौंडचं ते घर डोळ्यापुढं उभं राहिलं. म्हटलं, हिला सांगते, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं. मी शाळेत फार गेलेली नाही. अक्षरं माझी मीच जुळवत शिकले, तेव्हा बोलते तशीच लिहिणार.

माझं काम न्हाऊ घालण्याचं. बाळंतिणीला आणि बाळाला. सुईण वेगळी, मी वेगळी. सुईण बाळाला जगात आणते, मी त्याला माणसात आणते, असं मी सांगत फिरायचे. शिरूरला माझी सासू हे काम करायची, तिच्या मागं तेलाची वाटी घेऊन हिंडता हिंडता मी शिकले. सकाळी जायचं, पाणी तापवायचं, पाय लांब करून बसायचं आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं. तेल जिरवायचं, सांधे मोकळे करायचे, साय-हळद-डाळीचं पीठ लावायचं, मग कढत पाणी. बाळ टाहो फोडतं, घरातल्यांचा जीव वरखाली होतो आणि पाच-दहा मिनिटांत ते असं गाढ झोपतं की सगळ्यांना माझा हेवा वाटतो. मग आईची पाठ-कंबर चोळायची, पोट बांधायचं, ओवा-शेपांची धुरी द्यायची आणि बाजेवर झोपवायचं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सुंभाच्या विणीतून वर शेक लागतो, अंग आवळून येतं. खोलीला वारं लागू द्यायचं नाही. वारं शिरलं तर बाळंतिणीची कंबर जन्मभर धरते, असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शिरूरच्या एका दुकानदाराची आई रोज माझ्या शेजारी पाट घेऊन बसायची. "मावशी, नाक जरा वर वढा. असलं नाक आमच्यात कुनाचं न्हाई."

"आजी, ते नाक सूनबाईंच्या माहेरचं आहे. तेलानं नरम होईल, पण घर बदलणार नाही."

दुसरे एक आप्पा होते. नातू रडला की अंगणातून ओरडायचे, "अगं बाई, सांभाळून! मारती का त्याला?" एके दिवशी मी साबणाचं, निसरडं, किंचाळणारं पोर त्यांच्या हातात नेऊन ठेवलं. म्हातारा असा थरथरला की पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. उलट नंतर माझ्यासाठी चहा घेऊन यायचा.

सत्तर सालानंतर आमचे मालक शिरूर सोडून दौंडला आले. त्यांचं शिलाईचं काम. रेल्वेचं मोठं जंक्शन, खाकी कपड्यांना तोटा नाही, म्हणून त्यांनी तिथं एका दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडलं. मीही आले. दौंड म्हणजे तेव्हा इंजिनांचं गाव. वाळत घातलेल्या धुण्यावर कोळशाची काजळी, आणि कुठल्या गाडीची शिट्टी आहे ते लहान पोरंही सांगणार. नवीन गावात मला कोण ओळखणार? पण बाळंतीण असलेल्या घराला न्हाऊ घालणारी हवीच असते. एका घरानं दुसऱ्या घराला सांगितलं आणि मी रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये जायला लागले.

तिथंच मला जिजी आणि आबा भेटले. आबा इंजिनावर फायरमन होते, नुकतेच रिटायर झालेले. मुलगाही रेल्वेतच, सारखा ड्युटीवर. क्वार्टर त्याच्या नावावर. जिजी म्हणजे आबांची बायको, कवठे येमाईकडच्या खेड्यातली. बुटकी, आवाजानं मात्र उंच. घर बौद्धांचं, वाचणारं-ऐकणारं. बाळाची पाचवी पुजायची नाही, सटवाई नाही, दृष्ट नाही. नाव ठेवायच्या दिवशी बुद्धवंदना झाली. जिजी मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, आमच्यात बाहेरचं-बिहेरचं काय चालत न्हाई. अंगारा लावायचा न्हाई."

मी म्हटलं, "बरं."

"पन शेगडी पायजेल. शेकाबिगर बाळंतपन न्हाई."

म्हणजे सटवाई सुटली होती, शेगडी सुटली नव्हती.

आणि काय ती शेगडीची बडदास्त! सून इंदू पहिलटकरीण, मुलगी झालेली. पौषातली थंडी. आबा सकाळी व्हरांड्यात बसून एकेक कोळसा निवडायचे. इंजिनाच्या राखेत अर्धवट जळलेले हलके कोळसे सापडतात, ते बायका वेचून विकायच्या. ते पेटले की धूर नाही, वास नाही, नुसता लालभडक विस्तव. आबा म्हणायचे, "नातीच्या डोळ्यांत धूर जाया नगं." शेगडी बाहेर पेटवून, निखारे फुलले की उंबऱ्यापाशी ठेवायचे आणि मागं सरायचे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा नियम. जिजी शेगडी आत न्यायची. खोलीला एकच खिडकी, तिच्यावर जिजीनं आपली नवी कोरी वाकळ टांगलेली. वर छताजवळ हवेचा झरोका होता, त्यात पोतं कोंबलेलं. दाराच्या फटीला चिंध्या. मला वाटलं, काय माया आहे या घरात! मायाच होती ती. तीच तर गोष्ट आहे.

चार-आठ दिवस झाले आणि इंदू कुरकुरायला लागली. "मावशी, डोकं ठणकतंय. उठलं की भवंडतं. अन्न नको वाटतं." मी तिला न्हाणीत आणायचे, पाठीवर पाणी ओतायचे, आणि तासाभरात पोरगी माझ्याशी हसून बोलायला लागायची. बाळाचंही तेच. खोलीतून उचलताना गोळा झालेलं, अंगावर प्यायला ओढ नाही. अंगणात उन्हाच्या पट्ट्यात पायावर घेतलं की असं रडायचं, की शेजारच्या क्वार्टरमधून हाक यायची, "लागली का बाई गायला!"

जिजीच्या डोळ्यांनी हे सगळं टिपलं होतं, पण तिनं अर्थ वेगळा लावला.

"बघितलं का मावशी? कामाचं नाव काढलं की चक्कर. अंगनात गप्पा मारायला आली की चक्कर पळाली. सोंग हाय सोंग!"

"जिजी, पहिलटकरीण आहे ती."

"आन् मी काय येकदम चौथ्यांदाच बाळंत झाले व्हय? आमी न्हाई शेकलो? बाजेखाली शेगडी घिऊन झोपलो, पन कवा डोकं धरलं न्हाई."

मुलानं इंदूला टांग्यात घालून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. मोकळ्या टांग्यात, गार वाऱ्यात. तिथं पोचेपर्यंत पोरगी टवटवीत. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, ताकदीचं औषध दिलं. त्यांना तरी काय दिसणार? खोली घरी राहिली होती आणि खोलीत विस्तव आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. जिजीच्या हातात मात्र कोलीत मिळालं. "डॉक्टरनंबी सांगितलं, काय झालं न्हाई." इंदूच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला हळूच म्हणाली, "मावशी, मी खरंच सोंग करत असंन का हो?" सीमा, माणसाला स्वतःच्याच दुखण्याची शंका यायला लागली की फार वाईट.

माझंही डोकं त्या घरी दुखायचं. मी म्हणायचे, उन्हाचं असेल, चहा नाही घेतला म्हणून असेल. आणि एक मांजर होतं त्यांच्याकडे. मांजर म्हणजे उबेला सोकावलेलं. आधी ते शेगडीशेजारीच मुटकुळं करून असायचं. मग एके दिवशी दिसलं तर बाहेरच्या गारठलेल्या पायरीवर बसलेलं. आत उचलून नेलं तर अंग चोरून पळालं. जिजी म्हणाली, "त्यालाबी सुनेचा राग आलाय." आम्ही दोघी हसलो. हसलो, पण मी घरी जाताना तेच डोक्यात घेऊन गेले. मांजर कुणाचं सोंग करत नाही.

दुसऱ्या दिवशी काकडून टाकणारी थंडी. मी गेले तर आबा व्हरांड्यात कानाला मफलर बांधून कोळसे निवडत होते. "आज जिजीबी आतच बसलीय," म्हणाले. "गुडघं धरल्यात तिचं. थंडीनं कुनाला उठवत न्हाई. दोनदा हाक मारली, ओबी दिली न्हाई."

मी दार ढकललं. चिंध्यांमुळं ते अडकून उघडलं. आत गरम, गप्प. जिजी भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर. इंदू बाजेवर कुशीला, बाळ तिच्या हातावर. गाल दोघींचेही लाल. मी म्हटलं, "इंदू, ऊठ बाई, पाणी निवतंय." हालचाल नाही. खांदा हलवला. नाही. बाळाचा हात उचलला तर तो चिंधीसारखा खाली पडला. बाजेखाली शेगडी लाल फुललेली आणि तिच्यावर निळसर जिभा नाचत होत्या.

"आबा! आत या!"

आबा उंबऱ्याशी येऊन थांबले. "मी? बाळंतिनीच्या खोलीत?"

"आबा, कुणी उठत नाही!"

त्यांनी तिथूनच आत बघितलं. शेगडी बघितली, वाकळ बघितली, वरचं पोतं बघितलं. आणि त्या माणसाचा चेहरा असा बदलला की मला आजही तो आठवतो.

"गॅस धरला!" ते ओरडले. "मावशी, श्वास रोकून धर! आदी बाहीर काढ, समद्यास्नी बाहीर!"

इतकी वर्षं ज्या उंबऱ्यावर थांबायचं ठाऊक, तो त्यांनी एका ढांगेत ओलांडला. एका हातानं बाळ उचललं, दुसऱ्या हातानं वाकळ ओढून खिडकी सताड उघडली. बाळ माझ्या ओटीत टाकलं, मला ढकललंच बाहेर, आणि बाळाला व्हरांड्यात ठेवून, परत येऊन आम्ही दोघांनी इंदूला बाजेसकट व्हरांड्यात ओढलं. मग जिजी. तिला फरशीवरून ओढताना तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पदर... माझा पदर..."

"पदर मागनं देतो, आदी जित्ती ऱ्हा!" आबा म्हणाले.

शेजारणी धावल्या. एकीनं कांदा फोडला, दुसरी म्हणते, बाळंतीण उघड्यावर, वारं लागेल, आत न्या, पांघरूण घाला. मीसुद्धा एरवी हेच म्हणाले असते. आबा दारात आडवे उभे राहिले. "आत कुनी पाय टाकायचा न्हाई. पांघरून घाला, पन हितंच. हवा लागूद्या. हवा हेच औषद हाय."

बाळाला मी मांडीवर घेतलं होतं. रोजच्यासारखं, पाय लांब करून, उन्हाच्या पट्ट्यात. पाठ चोळत होते, तळवे चोळत होते, नाव सुचेना तर "चिमणे, चिमणे" म्हणत होते. नाव ठेवलं होतं की गं परवाच! पण तेव्हा आठवेना. मग तिनं तोंड वेडंवाकडं केलं, श्वास ओढला आणि असा सूर लावला! शेजारच्या क्वार्टरमधून या वेळी कुणी काही बोललं नाही. आबा मात्र दारातच खाली बसले आणि रडायला लागले.

स्टेशनवरची सामानाची हातगाडी आणून तिघींना रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्या तरी न्यायचंच, असं आबांनी ठणकावलं. तिथं नाकाला नळी लावून प्राणवायू दिला. तिथल्या डॉक्टरांना आबांनी आधी शेगडीचं सांगितलं, दुखण्याचं नंतर. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की हा वायू होतो. रंग नाही, वास नाही. माणूस गुंगतो आणि त्याला कळतही नाही." कार्बन मोनॉक्साइड हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिघी धडधाकट घरी आल्या.

त्या आल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा जिजी अंगणात बाजेवर, इंदू शेजारी, आबा पायरीवर. आबा सांगत होते. त्यांचा एक दोस्त गेटमन होता. थंडीत फाटकाशेजारच्या गुमटीचं दार लावून, शेगडी घेऊन झोपला तो उठलाच नाही. तेव्हापासून शेडमध्ये नव्या पोरांना सांगायचे, गुमटीत शेगडी नेऊ नका.

जिजी म्हणाली, "इतकं ठावं व्हतं, मंग बोलला का न्हाई?"

"मी त्या खोलीत कवा आलोच न्हाई गं. मला काय म्हाईत तू पोतं कोंबलंस ते."

"आन् मी कवा गुमटीत गेले न्हाई."

कुणाचंच चुकलं नव्हतं, आणि तीन जीव जाता जाता वाचले होते. त्या एका उंबऱ्याच्या बाहेर ज्याला माहीत होतं तो, आणि आत ज्यांना माहीत नव्हतं त्या.

"पण जिजी," मी विचारलं, "तुम्ही एवढी बाळंतपणं शेकून घेतलीत, तुम्हाला कसं काही झालं नाही?"

जिजी म्हणाली, "आमचं घर कौलाचं. निजलं की कौलातनं चांदन्या दिसायच्या. हितं..." तिनं क्वार्टरच्या सिमेंटच्या छताकडं बघितलं. तेव्हा मला उलगडा झाला. रीत गावाकडून आली होती, पण फटी गावातच राहिल्या होत्या.

मग जिजी इंदूकडं वळली. माफी-बिफी मागणं तिच्या जिभेवर नव्हतं. तिनं भाकरी दुधात कुस्करून वाटी इंदूपुढं केली. "खा. आन् आता चक्कर आली तर मला आदी सांग. सोंग म्हननार न्हाई."

इंदू म्हणाली, "आणि तुम्हाला आली तर?"

"तर तू मला सोंगाडी म्हन. फिट्टंफाट."

त्या दिवसापासून मी रीत बदलली. शेक हवा ना? उन्हात बसा. विटकर किंवा वाळूची पुरचुंडी बाहेरच्या चुलीवर तापवू, कापडात गुंडाळू, हाताला सोसवेल एवढी झाली की कंबरेला लावू. विस्तव मात्र निजायच्या खोलीत नाही. कुणी म्हणायचं, "मावशी, धूर सरलेला आहे की." मी सांगायचे, धूर डोळ्यांना सावध करतो तरी, हा मुका असतो. कुणी वायू ओढून घेईल म्हणून शेगडीशेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं. त्यानं काही होत नाही. तेलाला हात लावण्याआधी मी खिडकी उघडायचे आणि घरातल्या पुरुषाला दारात बोलावून त्याच्यादेखत सगळं सांगायचे. काही घरांनी मला आगाऊ म्हणून काढलं. काढू दे. शिरूरलाही जाऊन जुन्या घरांना सांगून आले. एका घरी फार वर्षांपूर्वी बाळंतिणीच्या सोबतीला निजलेली म्हातारी सकाळी उठली नव्हती. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. कदाचित तसंच असेल. पण त्या गल्लीतून जाताना माझा पाय अजून जड होतो.

आता सीमा, तू. तुझा गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली शेगडीच. जळायला त्याला हवा लागते आणि कोंडलं की तो तुझीच हवा खातो. बाहेर आलं की बरं वाटतं ना? तीच तर खूण आहे. घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं धरलं, मळमळलं, गुंगी आली, आणि मोकळ्यावर गेलं की उतरलं, तर ताप-थंडी समजू नका. आधी बाहेर पडायचं, मग दवाखाना, आणि डॉक्टरांना विस्तवाचं पहिल्यांदा सांगायचं. फोनवर तुला गिझर बंद ठेव म्हटलंय, तो बंदच ठेव. बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावून घे, नाहीतर विजेचा घे. आणि तो पुठ्ठा आजच्या आज काढ. नवऱ्यालाही शेजारी बसवून हे वाचायला लाव. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे.

इंदूकडचं काम संपलं तेव्हा रीतीप्रमाणं मला खण-साडी मिळायची होती. जिजीनं दिली, आणि वर ती वाकळ माझ्या हातावर ठेवली. खिडकीवरची. "घिऊन जा मावशी. माझ्या घरात दिसली की काळजात कालवतं. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, तू कुनाला खिडकीला लावू देनार न्हाईस." बारीक धावदोऱ्याची, तिच्या हातची. अजून एक टाका उसवलेला नाही.

थंडी पडायला लागलीय. नुसते फोन पुरे झाले, एकदा दोन दिवस राहायला ये. माझ्या खोलीच्या खिडकीतून गार वारं येतं, ते येणारच. अंगावर घ्यायला जिजीची वाकळ काढून ठेवलीय. लवकर ये.